ग्रंथपाल दिवसभर काय करतात, हे दोन तासांत दाखवायचं कसं

"तुमचं बरं आहे मॅडम, दिवसभर पुस्तकंच वाचायची." "इथे किती शांत असतं, मलाही अशीच नोकरी हवी होती." "आता सगळं मोबाइलवर मिळतं, मग वाचनालय कशाला?" गिरगाव असो, दादर असो की मुलुंड, वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी आठवडाभर बसलं की ही तीन वाक्यं कानावर पडतातच. बोलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. त्यांना जे दिसतं त्यावरून ते बोलतात, आणि त्यांना दिसते ती फक्त देवघेव. पुस्तक आलं, तारखेचा शिक्का पडला, पुस्तक गेलं. त्याआधीचं काम आतल्या खोलीत झालेलं असतं. ते नीट झालं असेल तर वाचकाला पुस्तक दोन मिनिटांत सापडतं, आणि ते तिथे आपोआपच होतं असं त्याला वाटतं.

हा समज भाषणानं जात नाही. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनी शाल-श्रीफळ देऊन, ग्रंथालयाचं महत्त्व सांगणारा फलक लावूनही जात नाही. तेच काम वाचकाच्या हातात दिलं, तर मात्र जातं. म्हणून इथे दोन तासांच्या एका कार्यक्रमाची आखणी दिली आहे. दोन-तीन सेवक आणि कार्यकारी मंडळातले दोन-तीन उत्साही सदस्य असलेल्या कोणत्याही वाचनालयाला तो जमेल.

आधीचे पंधरा दिवस

देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवा. लोक ग्रंथपालाच्या कामाबद्दल जे बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. नाव लिहू नका. दुसऱ्या पानावर वाचकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न टिपा, अगदी "ते निळ्या कव्हरचं पुस्तक, मागच्या वर्षी नेलं होतं" हासुद्धा. कार्यक्रमाचा कच्चा माल या वहीतूनच मिळतो. ऐकीव तक्रारींवर बेतलेला कार्यक्रम सगळीकडे सारखाच दिसतो.

दिवस निवडताना मुंबईचं वेळापत्रक पाहावं. रविवारी सकाळ-दुपार लोकलचा मेगाब्लॉक असतो, त्यामुळे रविवारच ठरवायचा असेल तर संध्याकाळी पाचनंतर. शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ नोकरी करणाऱ्यांना जमते. १२ ऑगस्ट पावसाळ्यात येतो आणि दहीहंडी-गणपतीची तयारीही त्याच सुमारास सुरू असते, म्हणून त्याच तारखेचा हट्ट नको. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या आसपास पाऊस सरलेला असतो. पण पावसाळ्यातच केलात तर ओल आणि बुरशीचं काम लोकांना प्रत्यक्ष दाखवता येतं, हा फायदा मोठा आहे.

माणसं चोवीस. त्याहून जास्त नकोत. सहा-सहाचे चार गट करा. पहिली दहा मिनिटं ओळख, मग चार टेबलांवर पंधरा-पंधरा मिनिटांची फिरती, मग सगळे मिळून पस्तीस मिनिटं संदर्भाचे प्रश्न आणि शेवटी पंधरा मिनिटं मोकळी चर्चा. घंटा वाजवायला एक सदस्य वेगळा नेमा. ग्रंथपालानं एकाच टेबलाशी बसावं. सगळीकडे धावायला गेलं तर एकही टेबल धड होत नाही. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं बसत असतील तर त्यांना दोन दिवस आधी कल्पना द्या आणि दोघा-तिघांना कार्यक्रमाला बोलवा. वर्षानुवर्षं वाचनालयात येऊनही ग्रंथपालाशी कधी न बोललेला वाचक बहुतेक वेळा त्यांच्यातच सापडतो.

ओळखीच्या दहा मिनिटांत सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. शि. रा. रंगनाथन गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत, इथे करायला काही नाही, मला परत शिकवायला जाऊ द्या, म्हणून वरिष्ठांकडे गेले. आधी लंडनला जाऊन तिथली ग्रंथालयं पाहून या, मग ठरवू, असं त्यांना सांगण्यात आलं. ते परतले ते आयुष्यभर ग्रंथपाल राहण्यासाठीच. पुढे १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. या कामात काही नाही असं त्यांनाही वाटलं होतं, हे ऐकल्यावर समोरच्या माणसाला स्वतःच्या समजाची लाज वाटत नाही आणि तो मोकळेपणानं ऐकू लागतो.

पहिलं टेबल: दाखल करणं

सहा नवी पुस्तकं, त्यांचं बिल, दाखल नोंदवहीचं एक कोरं पान, शिक्का, पॅड, पेन्सिल आणि कण्यावर लावायच्या चिठ्ठ्या. प्रत्येकानं एक पुस्तक हाती घ्यायचं. आधी बिलाशी ताडायचं: नाव, आवृत्ती, किंमत, सूट. मग पानं उलटायची. सोळा पानांचा एखादा फॉर्म गळालेला असतो, दोनदा बांधलेला असतो किंवा उलटा लागलेला असतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर कादंबरीचा शेवट गायब असल्याचं वाचकाला कळतं आणि तोवर विक्रेता पुस्तक परत घेत नाही. यासाठी आधीच एक सदोष प्रत बाजूला काढून ठेवा आणि काही न सांगता ढिगात मिसळा.

मग शिक्का. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर एक, आणि वाचनालयानं ठरवलेल्या गुप्त पानावर एक. ते पान कार्यक्रमात सांगायचं नाही. असं पान ठरलेलं असतं आणि का असतं, एवढंच सांगा: पहिली पानं फाडून विकलेलं पुस्तक त्यावरून ओळखता येतं. शाई जास्त झाली तर समोरच्या पानावर उमटते, म्हणून मध्ये टीपकागद. यानंतर दाखल अंक, म्हणजे दाखल नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक. तो एका पुस्तकाला एकदाच मिळतो. पुस्तक हरवलं, बाद झालं, तरी तो दुसऱ्याला देत नाहीत. पंधरा मिनिटांत सहा जणांची मिळून दोन-तीन पुस्तकंच पुरी होतात. तेवढं पुरे. वर्षाला किती पुस्तकं दाखल होतात तो तुमच्या वाचनालयाचा आकडा तिथेच फळ्यावर लिहून ठेवा, गुणाकार लोक स्वतःच करतात.

दुसरं टेबल: वर्ग आणि नाव

इथे सगळ्यांत जास्त बोलणं होतं, म्हणून तुमच्यातला सगळ्यांत जाणता माणूस इथे बसवा.

सहा अवघड पुस्तकं काढा आणि "हे कुठल्या कपाटात ठेवाल?" एवढंच विचारा. गिरणी कामगार बाईचं आत्मकथन चरित्रात जाईल, कामगार चळवळीत की मुंबईच्या इतिहासात? कोळी समाजाच्या पाककृती, पण अर्धं पुस्तक सण आणि रीतींवर. शिवकाळावरची कादंबरी, जी वाचक इतिहास म्हणून मागतो. गटात मतभेद होतात, ते होऊ द्या. मग सांगा की पुस्तक एक आणि जागाही एकच. वाचक जिथे आधी जाईल त्याचा अंदाज घेऊन ती ठरवायची आणि उरलेल्या वाटा तालिकेतल्या, म्हणजे वाचनालयाच्या पुस्तकसूचीतल्या, नोंदींनी उघड्या ठेवायच्या. विषयांना आकडे देणारी ड्युई दशांश पद्धत वापरत असाल तर ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, ८९१.४६१ कविता, ८९१.४६२ नाटक, ८९१.४६३ कथा-कादंबरी, ६४१.५ पाककला, एवढंच सांगा. सगळी पद्धत समजावायला गेलात की गट हातचा जातो. कादंबरी, कथासंग्रह, चरित्र असे घरचेच विभाग असतील तरी बिघडत नाही. प्रश्न तोच राहतो.

त्यानंतर नावं. मराठीत हे काम परक्या पाठ्यपुस्तकांत लिहिलंय त्याहून बरंच गुंत्याचं आहे. कविता 'कुसुमाग्रज' या नावानं, नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावानं. गडकऱ्यांच्या कविता 'गोविंदाग्रज', विनोदी लेख 'बाळकराम' आणि नाटकं राम गणेश गडकरी. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर एकच. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर आणि लग्नाआधीच्या बाळूताई खरे. या सगळ्यांची पुस्तकं एकत्र ठेवायची की वेगवेगळी, हा निर्णय एकदाच घेऊन लिहून ठेवावा लागतो आणि उरलेल्या प्रत्येक नावाखाली "अमुक नाव पाहा" अशी नोंद करावी लागते. नोंद राहिली तर आरती प्रभूंचा वाचक खानोलकरांच्या कादंबऱ्यांपर्यंत पोचत नाही, आणि आपल्याकडे त्या आहेत हे कुणालाच कळत नाही.

वर्णक्रमही सरळ नाही. 'ज्ञानेश्वर' कुठे लावायचं? शाळेत शिकवलेल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. संगणक मात्र ज्ञ म्हणजे ज आणि ञ असं धरून त्याला ज मध्ये घालतो. कपाट एका रीतीनं आणि संगणक दुसऱ्या रीतीनं, असं झालं की वाचक दोन्हीकडे शोधून रिकाम्या हातानं जातो.

एक संगणकही ठेवा. त्यावर कोहा किंवा ई-ग्रंथालय ही ग्रंथालयांसाठीची प्रणाली असो की स्थानिक माणसानं करून दिलेली, गटातल्या एकाला 'शिरुरकर' असा ऱ्हस्व रु लिहून शोधायला सांगा, मग दीर्घ रू लिहून. 'कऱ्हाडकर' दोन पद्धतींनी टंकता येतं, पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात आणि संगणकाला मात्र वेगळी वाटतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये भरलेल्या नोंदी नव्या प्रणालीत आणल्या की अगम्य चिन्हं दिसतात. असं एखादं जुनं पान छापून भिंतीवर लावा. "संगणक आला, आता तुम्हाला काम काय?" याचं उत्तर त्या पानावर आहे. त्या नोंदी कुणीतरी एकेक करून वाचून दुरुस्त केल्या, म्हणून आज शोध लागतो.

तिसरं टेबल म्हणजे एक कपाट

इथे थोडक्यात आटपा. साधारण तीस पुस्तकांचा एक कप्पा आधी क्रमानं लावून घ्या आणि त्यातली तीन मुद्दाम चुकीच्या जागी ठेवा. गटाला पाच मिनिटं द्या. मग सांगा की वाचकानं चुकीच्या कप्प्यात परत ठेवलेलं पुस्तक पुढच्या पडताळणीपर्यंत, म्हणजे सगळी पुस्तकं नोंदींशी ताडून पाहीपर्यंत, हरवल्यासारखंच असतं, म्हणून सेवक रोज एक-दोन कपाटं अशीच वाचून काढतात. हे झाल्यावर "पाहिलेलं पुस्तक कपाटात न ठेवता टेबलावर ठेवा" ही सूचना पुन्हा सांगावी लागत नाही.

चौथं टेबल: ओल, कसर, डागडुजी

मुंबईत हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला वाव मिळतो, आणि पावसाळ्यात ती महिनोन्महिने वरच असते. टेबलावर एक साधा आर्द्रतामापक ठेवा. दोन वेळा आकडा वाचून दाखवला तरी पुरे.

दाखवायचं ते असं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून निदान चार-सहा इंच पुढे. खालचा कप्पा जमिनीपासून वर. पुस्तकं दाबून कोंबलेली नकोत, बोट आत जाईल इतकी सैल. बुरशी धरलेलं पुस्तक आधी वेगळं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, हवेशीर जागी नेऊन कोरडं करायचं आणि मगच मऊ ब्रशनं, तोंडाला मास्क लावून, बाहेरच्या दिशेनं झाडायचं. ओली बुरशी पुसली की पानात मुरते. कडक उन्हात ठेवलं की पानं पिवळी पडतात आणि पुठ्ठा वाकतो. हे दोन्ही लोक घरी करतात, त्यामुळे या टेबलावरचं ज्ञान ते सोबत घेऊन जातात.

पुरात किंवा गळतीत भिजलेलं पुस्तक दोन दिवसांत बुरशी धरायला लागतं. दर आठ-दहा पानांमागे टीपकागद, खाली-वर कोरे कागद, पंखा चालू, कागद दर दोन-तीन तासांनी बदलायचा. गुळगुळीत चकचकीत कागदाची पानं एकदा चिकटून वाळली की सुटत नाहीत, म्हणून तशी पुस्तकं आधी हाती घ्यायची.

फाटलेलं पान प्रत्येकाला एकेक द्या. पातळ जपानी टिश्यूची पट्टी आणि गव्हाच्या पिठाची खळ. सेलोटेपनं चिकटवलेलं एक जुनं पानही शेजारी ठेवा: टेप सुटून पडलेली असते आणि तिचा तपकिरी डाग कायमचा राहिलेला असतो. बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात म्हणजे किडे लागत नाहीत, पण ते विषारी असल्यानं कार्यक्रमात साधी खळ वापरा, विशेषतः मुलं असतील तर.

सगळे मिळून: प्रश्न

खऱ्या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका. वहीतला एक प्रश्न फळ्यावर लिहा: "मुंबईच्या इतिहासावर काही आहे का?" उपस्थितांनी वाचक व्हायचं नाही, ग्रंथपाल व्हायचं. एक सेवक वाचक होईल. त्याच्या मनातली खरी गरज एका चिठ्ठीवर लिहून घडी घालून ठेवा.

बहुतेक जण लगेच पुस्तकं सुचवायला लागतात. त्यांना थांबवा आणि चार प्रश्न द्या: कशासाठी हवंय, कधीपर्यंत हवंय, आतापर्यंत कुठे पाहिलंत, किती खोलात जायचंय. "कशासाठी" हा शब्द चौकशीसारखा ऐकू येतो, म्हणून "काय शोधताय ते थोडं सांगितलंत तर नेमकं काढून देता येईल" असं विचारावं. हळूहळू चिठ्ठीतली गरज बाहेर येते. सोसायटीच्या पुनर्विकासाआधी स्मरणिका काढायची आहे, चाळीतली बहुतेक माणसं गिरणीत होती, आणि १९८२ च्या संपाच्या दिवसांबद्दल दोन पानं लिहायची आहेत.

आता वाट बदलते. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, म्हणजे त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांच्या फाइली लागतील. गिरणगावाच्या जडणघडणीसाठी १९०९-१० चे मुंबई शहराच्या गॅझेटियरचे (सरकारनं काढलेल्या माहितीग्रंथाचे) तीन खंड, मूळ माहितीसाठी मराठी विश्वकोश, आणि माणसांच्या तोंडच्या हकिकतींसाठी आत्मकथनं. आपल्याकडे यातलं काय आहे आणि नसलेलं कुठे मिळेल? इथे शहराचा नकाशा लावा. १८९८ मध्ये स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, फोर्टातल्या टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय, राजाबाई टॉवरखालचं विद्यापीठाचं ग्रंथालय. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं आपल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांना पाठवायची, त्यांतलं एक मुंबईत टाउन हॉलमध्येच आहे, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. आपल्या कपाटात नसलेल्या पुस्तकाचा पत्ता सांगणं हेही ग्रंथपालाचं काम आहे, आणि लोकांना ते सगळ्यांत कमी माहीत असतं.

दुसरा प्रयोग मोबाइलचा. आमंत्रणातच लिहा: व्हॉट्सॲपवर आलेली, खाली मोठ्या कवीचं किंवा पु. ल. देशपांड्यांचं नाव असलेली एखादी कविता सोबत आणा. अशा कवितांचा सुळसुळाट आहे, ढिगानं येतील. एक निवडा आणि शोध सुरू करा. इंटरनेटवर तीच ओळ शंभर ठिकाणी त्याच नावानं सापडेल, कारण सगळ्यांनी एकमेकांची नक्कल केलेली असते. मग त्या कवीचे समग्र खंड काढा, प्रथम ओळींची सूची असेल तर ती, नसेल तर अनुक्रमणिका, आणि उपस्थितांनाच शोधू द्या. सापडली नाही तर काय म्हणायचं ते महत्त्वाचं: "ही त्यांची नाही" असं म्हणू नका. "आपण पाहिलेल्या या खंडांत ही नाही" असं म्हणा आणि कोणते खंड पाहिले ते लिहून ठेवा. संदर्भसेवेतली शिस्त या एका वाक्यात कळते.

इथे नेहमी होणारी एक चूक: ग्रंथपाल आपली विद्वत्ता दाखवायला लागतो आणि पटापट उत्तरं देतो. लोक प्रभावित होतात, पण शोध कसा लागला ते त्यांना कळत नाही. उत्तर माहीत असलं तरी पावलं मोठ्यानं बोलून दाखवा. चुकलेली वाटही दाखवा.

चर्चेत येणारे अवघड प्रश्न

"आमची जुनी पुस्तकं का घेत नाही?" हा प्रश्न येणारच, आणि त्यामागे दुखावलेलं मन असतं. आईवडिलांच्या पश्चात घर रिकामं करताना आणलेल्या पेटीला नकार मिळाला, तर ग्रंथपालाला काम नको असं वाटतं. नियम लेखी ठेवा आणि छापून द्या: क्रमिक पुस्तकं, जुनी गाइडं, कसर लागलेली आणि आपल्याकडे दोनहून जास्त प्रती असलेली पुस्तकं घेता येत नाहीत. यादी आधी पाठवल्यास हवी ती निवडून घेऊ. घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल, वर्ग, नोंद, जागा आणि दरवर्षी पडताळणी लागते, हे पहिल्या टेबलावर पाहिलेल्या माणसाला पटकन समजतं.

"पुस्तकं रद्दीत का देता?" याला लपवालपवी करू नका. बाद करायची यादी समितीपुढे जाते, कारण लिहिलं जातं, दाखल नोंदवहीत शेरा पडतो. दुर्मीळ प्रत असेल तर आधी दुसऱ्या ग्रंथालयाला विचारतात. मागच्या वेळची एक यादी, कारणांसकट, हाताशी ठेवा.

पगाराचा प्रश्न आला तर सरळ सांगा. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं. त्यांतल्या सेवकांना सरकारी वेतनश्रेणी नाही, संस्थेला जे मिळतं त्यातूनच पगार होतो. रडगाणं वाटेल म्हणून हे टाळू नये. आपल्या वाचनालयाचा खर्च कशावर होतो हे जाणण्याचा सभासदाला हक्कच आहे.

एक पथ्य कडक पाळा. कुणी कोणती पुस्तकं नेली ते कार्यक्रमात पडद्यावर येता कामा नये. प्रात्यक्षिकासाठी खोट्या नावाचं खातं आधीच तयार करा. थकबाकीदारांची यादी भिंतीवर असेल तर त्या दिवसापुरती काढू नका, कायमचीच काढा आणि ज्याला त्याला फोन करा.

दुसऱ्या दिवसापासून

देवघेवीच्या टेबलावरची "शांतता पाळा" ही पाटी वाचनकक्षाच्या दारावर हलवा आणि तिच्या जागी "काय शोधताय? विचारा" अशी लावा. प्रश्नांची वही चालू ठेवा. महिन्याअखेरीस फळ्यावर चार आकडे लिहा: किती पुस्तकं दाखल झाली, किती दुरुस्त झाली, किती प्रश्न आले, किती जणांना दुसऱ्या ग्रंथालयाचा पत्ता दिला. आकडे खरे असू द्या, एखाद्या महिन्यात शून्य असला तर शून्यच लिहा. वार्षिक सभेच्या अहवालात देवघेवीच्या आकड्याशेजारी हेही चार आकडे छापा, कारण नव्या सेवकाची किंवा नव्या संगणकाची मागणी पुढे येते तेव्हा कार्यकारी मंडळ तोच अहवाल उघडून बसलेलं असतं.